सासूबाईंनी शिवलेले अठरा डायपर

ताई, माझी मुलगी चार महिन्यांची आहे. आम्ही घोडबंदर रोडला, कासारवडवलीत अकराव्या मजल्यावर राहतो. माझ्या सासूबाई पूर्वी डोंबिवलीत घरी ब्लाउज शिवून द्यायच्या. मला सातवा लागला तेव्हा त्यांनी स्वतःच्या सुती साड्या कापून अठरा फिटेड डायपर शिवले, इलॅस्टिकचे, टिचबटणांचे. त्यातली एक साडी त्या माझ्या नवऱ्याच्या बारशाला नेसल्या होत्या. डायपर इतके गोड दिसतात की भेटायला येणारा प्रत्येक जण हातात घेऊन बघतो. पण ते गळतात. तासा-दीड तासात झबलं, दुपटं, माझी मांडी, सगळं ओलं. रात्री तर विचारूच नका. धुतले की दोन-दोन दिवस वाळत नाहीत, आणि आता पाऊस तोंडावर आलाय. गेल्या आठवड्यात जांघेत लाल झालं तेव्हा नवरा म्हणाला, "बास, पॅकेटवाले आणू." मालिशवाल्या मावशी म्हणतात, एवढं जाड बांधलं तर पोरीचे पाय फेंगडे होतील. सासूबाईंना मी काहीच बोलले नाही. त्या देवळात गेल्या की गुपचूप पॅकेटमधला लावते आणि त्या यायच्या आत तो खाली कचऱ्यात टाकून येते. दीड महिन्यात रजा संपतेय, ऑफिस ऐरोलीला. काय करू? त्यांना कसं सांगू?

— एक वाचक, ठाणे

* * *

पत्रात 'ताई' म्हटलंस, म्हणून मीही सरळ 'तू'वर येते.

ज्या बाईने वर्षानुवर्षं लोकांचे ब्लाउज शिवले, तिला "मुंढ्यात काचतंय", "गळा उतरतोय" हे ऐकायची सवय असते. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं म्हणून ती रुसून बसत नाही. तोंडात दोन टाचण्या धरते, खडूने खूण करते आणि "परवा घेऊन जा" म्हणते. तिला लागतं ते वेगळंच. तेच गिऱ्हाईक दुसऱ्याने शिवलेला ब्लाउज घालून समोरून गेलं की लागतं. तू नेमकं तेच करते आहेस, तेही एका घरात राहून. आणि कचऱ्याची पिशवी घेऊन तू वेळी-अवेळी खाली का जातेस, हे त्यांच्या लक्षात आलं नसेल असं तुला खरंच वाटतं?

बोलायचं कसं ते शेवटी सांगते. कारण काय बोलायचं हे कळल्याशिवाय कसं बोलायचं ते कळणार नाही, आणि 'काय' हे सगळं शिवणीत आहे.

तुझ्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली. डायपर शिवले गेले तेव्हा तुला सातवा होता. म्हणजे ज्याचं माप घ्यायचं ते माणूस अजून जगात आलेलंच नव्हतं! अंदाजाने शिवलेला ब्लाउज कुणाला नीट बसतो का? त्यात बाळाचं जन्माचं वजन पाचव्या महिन्याच्या आसपास दुप्पट होतं. तेव्हा तान्ह्या बाळाला बेतलेला डायपर आज तुझ्या गुटगुटीत लेकीच्या मांडीवर तोकडा पडणार, वरून बटण लावताना तू तो ओढणार, आणि मग मांडीपाशी फट राहणार. यात शिवणाऱ्या हाताचा दोष शून्य.

दुसरी गोष्ट. फिटेड डायपर म्हणजे मापाने बेतलेला लंगोट, बस्स. त्याचं सगळं अंग शू पिणारं असतं. पाणी अडवणारा थर त्यात नसतोच. तो भरला की बाहेरून ओला लागणारच. त्यावर अडवणारी चड्डी लागते, कव्हर म्हणतात ते. आमच्या वेळी दुधी रंगाच्या प्लास्टिकच्या चड्ड्या मिळायच्या. काढल्या की आतून वाफ यायची आणि मांडीवर लाल कडं. ही अडचण सगळ्या जगातल्या आयांची. १९४६ साली अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन नावाच्या बाईने वैतागून न्हाणीघराचा पडदा कापला आणि घरच्या मशीनवर लंगोटावरची चड्डी शिवली. पुढे तिने पॅराशूटचं नायलॉन वापरलं, १९५१ मध्ये पेटंटही मिळवलं. पेपर वाचताना भेटलेली ही बाई मला फार आवडते. आता कव्हरसाठी पीयूएल नावाचं कापड मिळतं, एका बाजूला पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा असलेलं. पाणी अडतं आणि जुन्या प्लास्टिकइतकं उकडत नाही. तू पत्रात कव्हरबद्दल अवाक्षर लिहिलेलं नाहीस. नुसता डायपरच लावत असशील, तर तुझं निम्मं पत्र इथेच मिटलं. चार कव्हरं पुरतात. शी लागली नसेल तर आतून पुसून वाऱ्यावर टाकायचं आणि आलटून-पालटून वापरायचं, दर वेळी धुवायला नको.

कव्हर लावूनही गळत असेल तर बाळाला पाठीवर ठेव आणि मांडीच्या कडेने बोट फिरव. आतल्या सुती कापडाची कड कुठे बाहेर डोकावतेय का? नखाएवढी कड बाहेर राहिली तरी पुरते. समईतली वात तेल कसं वर ओढते, तशी ती कड आतली शू ओढून झबल्यावर आणून सोडते. कव्हर कितीही भारी असो. कड आत सरकवली की कित्येक घरांत 'गळणारा' डायपर तिथल्या तिथे सुधारतो.

हे सगळं करून दोन दिवस एक काम कर. ओला डायपर काढलास की लगेच बादलीत टाकू नकोस. उलगडून बघ, कुठे भिजलाय आणि कुठे कोरडा आहे. मधला भाग निथळतोय आणि मागचा कोरडा ठणठणीत असेल, तर कापड कमी नाही, चुकीच्या जागी आहे. मुलींचं बहुतेक मधोमध भिजतं, मुलग्यांचं पुढे. सगळाच चिंब असेल तर थर कमी. आणि मधला अर्धाच भिजलाय, तरी मांडी ओली, तर इलॅस्टिक ढिलं किंवा माप तोकडं. मांडीपाशी इलॅस्टिकखाली एक बोट सहज जावं, कंबरेला दोन. बोट आत घालून वाकवता आलं तर ढिलं. काढल्यावर लाल रेघ तासाभरानेही दिसत असेल तर घट्ट.

आता कापड. जुनी सुती साडी अंगाला लावायला सोन्यासारखी, पण पातळ. चार पदर घातले तरी एका शूला पुरतील न पुरतील. आतला अंगालगतचा पदर साडीचाच राहू दे. मधल्या पट्ट्यात मात्र फलालीन किंवा जुन्या टॉवेलचं कापड हवं. दिवसासाठी फलालीनचे सहा पदर, रात्रीसाठी आठ-दहा. हा पट्टा डायपरात चारी बाजूंनी शिवून टाकू नका! मला वाटतं, तुमच्याकडे नेमकं हेच झालंय, म्हणूनच ते दोन दिवस वाळत नाहीत. पट्टा फक्त मागच्या टोकाला शिवायचा आणि बाकी मोकळा सोडायचा, जिभेसारखा. धुताना जीभ बाहेर लोंबते, आतून-बाहेरून साबण लागतो, आणि दोरीवर ती वेगळी वाळते. बाजारात त्याला काय म्हणतात ते सोड, सासूबाईंना 'जीभ' म्हटलं की कळेल.

साडी खरंच सुती आहे ना, हेही बघून घ्या. साड्यांवर 'कॉटन' लिहिलेलं असतं आणि आत निम्मं पॉलिस्टर निघतं. बाळापासून लांब, स्वयंपाकघरात, चार धागे काढून काडीने पेटवा. सुती धागा कागदासारखा जळून त्याची राख होते. पॉलिस्टर आक्रसतं आणि टोकाला कडक मणी धरतं. त्याहून सोपं म्हणजे कापडावर पाण्याचा थेंब टाकायचा. जिरला तर ठीक, मोत्यासारखा घरंगळला तर ते कापड लंगोटाच्या कामाचं नाही. मी स्वतः एका दुकानातून "शुद्ध सुती" म्हणून दोन मीटर फलालीन आणलं होतं. थेंब त्यावर अळूच्या पानावर असावा तसा डुलत होता. कोरं कापड आणलंत तर मात्र लगेच नापास करू नका. नव्या कापडाला खळ असते. पाच-सहा धुण्यांनंतर ते नीट पाणी प्यायला लागतं आणि आटतंही. म्हणून आधी धुवायचं, मग बेतायचं. हे मी ब्लाउजवाल्या बाईला काय सांगणार म्हणा.

थेंबाची ही परीक्षा आज तुझ्या धुतलेल्या डायपरवरही घे. तू घोडबंदर रोडला राहतेस, म्हणजे महिन्यातले काही दिवस तरी टँकरचं पाणी असणार. बोअरचं पाणी बहुधा जड असतं. त्यात साबणाची वडी घासलीस की फेस कमी आणि पांढरा चिकट साका जास्त. तो कापडात बसतो, कापड पापडासारखं कडक होतं, शू शोषत नाही, आणि ओलं झालं की नाकात जाणारा उग्र दर्प येतो. वडी सोडून धुण्याची पावडर किंवा लिक्विड वापर, पाकिटावर लिहिलंय तेवढं पुरं घाल. "बाळाचं आहे, थोडंच घालू" ही माया इथे उलटते. शेवटचे दोन खळबळे महापालिकेच्या पाण्यात कर. कपडे मऊ करायचं सॉफ्टनर मात्र बंद. मीही हौसेने घातलं होतं. लंगोटांना गुलाबाचा वास आणि पाणी वरच्या वर. आणि हे इलॅस्टिकचे डायपर, कव्हरं उकळायची नाहीत. उकळायचं ते साधे सुती लंगोट.

शीचं म्हणशील तर आईच्या दुधावरच्या बाळाची शी पाण्याने सहज निघते. वरचं खाणं सुरू झालं की आधी कमोडमध्ये झटकायची आणि जेट स्प्रेने धुवायचं. परदेशात आया हा स्प्रे 'डायपरसाठी' म्हणून वेगळा विकत घेतात. आपल्याकडे तो भिंतीलाच आहे. ओले डायपर पाण्यात बुडवून ठेवू नकोस. झाकणाच्या कोरड्या बादलीत ठेव आणि रोज धू. साठलेल्या पाण्यात डास होतात, आणि लेक रांगायला लागली की पाण्याने भरलेली बादली हा जिवाशी खेळ.

पावसाचं खरं सांगते. जुलै-ऑगस्टमध्ये ठाण्यात जाड शिवलेलं काहीही वाळत नाही, ते सासूबाईंनी शिवलेलं असो की महागड्या दुकानातलं. माझा मुलगा २००५च्या मे महिन्यातला. आम्ही कोपरीला दोन खोल्यांत होतो. २६ जुलैच्या पावसात वीज गेली. इस्त्री नाही, पंखा नाही, आणि खोलीभर बांधलेल्या दोऱ्यांवर तीसेक लंगोट ओलेगच्च. दुसऱ्या संध्याकाळी कोरडा एकही उरला नाही. माझ्या आईने तिची जुनी नऊवारी काढली, काठाला दातांनी चीर दिली आणि टर्रकन फाडत गेली. फाडलेले ते चौकोन भिजले तरी खिडकीत धरून हलवले की काही वेळात जेमतेम दमट राहण्याइतके वाळायचे, कारण एकच पदर. तेव्हापासून माझा पावसाळ्यातला नियम ठरलाय: एकेरी कापड. चौकोनी लंगोटाची लांबट घडी घालून कव्हरमध्ये नुसती ठेवायची. भिजली की काढून उलगडून पंख्याखाली. शिवलेले फिटेड त्या दोन महिन्यांत बाहेर जाण्यापुरते आणि उघडीप मिळेल तेव्हा. ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा काढायचे. ऊन लागलं की डागही फिके होतात.

आणि रात्री एक पॅकेटवाला लाव. उघडपणे लाव. बाळ सलग पाच तास झोपत असेल तर त्या पाच तासांची किंमत तुला आणि तिला दोघींना आहे. रोज एक विकतचा आणि सात-आठ घरचे, यात कोण हरलं? फक्त वापरलेला गुंडाळून वेगळा टाकायचा, ओल्या कचऱ्यात नाही.

जांघेतल्या लालीचं दोष-वाटप नवऱ्याला करू देऊ नकोस. कापडामुळेही होते, पॅकेटमुळेही होते. ओल अंगाला चिकटून राहिली की होतेच, आणि आपल्या दमट हवेत लवकर होते. दर दोन-अडीच तासांनी बदल, शी झाली की लगेच. साध्या पाण्याने धू, टिपून कोरडं कर, चोळू नकोस. दिवसातून तीन-चार वेळा पंधरा मिनिटं उघडं ठेव, खाली मेणकापड आणि त्यावर दुपटं. पावडर नको, ती बाळाच्या श्वासात जाते. दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, किंवा घड्यांमध्ये भडक लाल होऊन आजूबाजूला बारीक लाल ठिपके दिसले, तर ते बुरशीचं असू शकतं. बालरोगतज्ज्ञांना दाखव. औषधाच्या दुकानातून "खाजेचं मलम द्या" म्हणून नळी आणू नकोस. त्यातल्या बऱ्याच मलमांत स्टिरॉइड असतं आणि बाळाची कातडी फार पातळ असते.

मालिशवाल्या मावशींना दुखवू नकोस, पण ऐकूही नकोस. तान्ह्या बाळांचे पाय थोडे बाकदार असतातच, पोटात घडी करून राहिलेले ते जीव. चालायला लागल्यावर हळूहळू सरळ होतात. मांड्या फाकलेल्या आणि गुडघे दुमडलेले, बेडकासारखं पडणं, हे खुब्याच्या सांध्याला चांगलंच असतं. उलट मावशी मालिश झाल्यावर पाय ओढून, सरळ जुळवून घट्ट गुंडाळत असतील, तर ते आजपासून थांबव.

ऑफिसचं थोडक्यात. पाळणाघर ठरवलं असेल तर आधीच विचार, कापडी चालतं का. बऱ्याच ठिकाणी नाही म्हणतात, आणि आठ पोरं सांभाळणाऱ्या बाईला चार टिचबटणं जुळवत बसायला सांगणं मलाही बरोबर वाटत नाही. तिथे पॅकेटवाला. सासूबाई घरी सांभाळणार असतील तर प्रश्नच नाही. उलट मान धरायला लागलेल्या बाळाला दूध पाजल्यावर पायांवर बसवून 'शू-शू' करवणं त्यांना तुझ्यापेक्षा चांगलं जमत असेल. त्याने दिवसाचे दोन-तीन डायपर आरामात वाचतात.

आता बोलायचं. हे जेवणाच्या टेबलावर, नवऱ्यासमोर नको. दुपारी, त्या मशीनपाशी किंवा भाजी निवडत बसल्या असतील तेव्हा. हातात त्यांनी शिवलेला एक ओला डायपर घेऊन जा, धुतलेला नव्हे. "आई, हा उजव्या मांडीशी गळतोय, बघा ना." एवढंच. "तुम्ही एवढ्या प्रेमाने शिवलेत, पण..." अशी सुरुवात केलीस की त्या सावध होतील, पुढे काय येतंय ते कुठल्याही सासूला कळतं. ब्लाउज घेऊन येणाऱ्या बायका प्रेमाबिमाचं बोलत नाहीत, बोट ठेवून दाखवतात. तू बोट ठेव. मग म्हण, "ती पोटात असताना शिवलेत, आता हिचं माप घ्याल का?" माप दूध पिऊन झाल्यावर घ्यायचं, पोट भरलेलं असताना: बेंबीखाली कंबर, मांडी, आणि समोरून बेंबीखालून मागे कंबरेपर्यंत.

रात्रीच्या पॅकेटचंही त्याच बैठकीत सांगून टाक, "रात्री मी विकतचा लावतेय, झोप होत नाही." चार दिवस त्यांचा चेहरा उतरेल. उतरू दे.

अठराच्या अठरा उसवू नका. आधी दोनच. बाजूला पट्टी जोडून बटण सरकवायचं, मांडीचं इलॅस्टिक बदलायचं, मधला पट्टा सोडवून त्याची जीभ करायची. ते तीन दिवस वापरा, कुठे भिजतंय ते बघा, मग पुढचे. विकतचा गळला तर फेकून देण्यापलीकडे काही करता येत नाही. हा उसवता येतो.

त्यातले बारशाच्या साडीचे कुठले ते सासूबाईंना विचार. ते मोठे करत बसू नका. उसवून त्यांचे तुकडे एकमेकांना जोडा, मध्ये आणखी एक जुनी साडी घाला, हाताने धावदोरा मारा, पोरीला पावसाळ्यात पांघरायला दुपटं होईल. साडीचा काठ उरला असेल तर तो कडेने लावा. जरीचा असेल तर मात्र नको, टोचतो.